बदल केलेली वर्डप्रेस वेबसाइट अपग्रेड कशी करावी: कोकणातील बागायतदार, दुकानदार आणि होमस्टेचालकांसाठी

देवगडच्या आंबा बागायतदाराची वेबसाइट असो किंवा तारकर्लीच्या होमस्टेची, ती बहुधा वर्डप्रेसवर चालते आणि तिच्यात मूळ प्रणालीत नसलेल्या कितीतरी गोष्टी कोणीतरी हाताने बसवलेल्या असतात. पेटी चार डझनांची की पाच डझनांची हे निवडण्याची सोय, कोणत्या पिनकोडवर आंबा पाठवता येतो याची तपासणी, जेवण शाकाहारी की मासळीचे हे विचारणारा बुकिंगचा रकाना ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत. अशी वेबसाइट दोन-चार वर्षे तशीच चालते. मग होस्टिंग कंपनीकडून जुनी पीएचपी (वर्डप्रेस जिच्यात लिहिलेले आहे ती भाषा) बंद होणार असल्याची सूचना येते, मालक सगळे काही अपडेट करण्याचे बटण दाबतो आणि पेटीचा रकाना नाहीसा होतो किंवा पान कोरे दिसू लागते.

दोष त्या बटणाचा नसतो. कोणता बदल कोणत्या फाइलमध्ये केला होता हे कोणालाच ठाऊक नसते आणि अपग्रेडने त्या फाइलवर नवी फाइल ठेवलेली असते. म्हणून पुढील टप्प्यांत प्रत्यक्ष अपग्रेड बराच उशिरा येतो. त्याआधीचे टप्पे कंटाळवाणे आहेत, पण ते गाळून पुढे जाऊ नये.

१. वेळ ठरवणे

आंब्याच्या वेबसाइटला फेब्रुवारी ते मे या काळात हात लावू नये, कारण पेट्यांची आगाऊ नोंदणी हंगामाच्या आधीपासून सुरू झालेली असते. होमस्टेसाठी दिवाळीची सुट्टी, डिसेंबरअखेर आणि मे महिना वर्ज्य समजावा. दोन्ही व्यवसायांना सोयीचा काळ म्हणजे जुलै. तेव्हा समुद्र खवळलेला असतो, स्कूबा बंद असते आणि ऑर्डर थोड्या असतात.

मात्र याच महिन्यात वारा-पावसाने वीज आणि नेट जाते. त्यामुळे घरच्या संगणकावरून एफटीपीने शेकडो फाइली चढवण्याची पद्धत या दिवसांत सोडून द्यावी. निम्म्या फाइली नव्या आणि निम्म्या जुन्या, अशा अवस्थेत नेट गेले तर वेबसाइट हमखास मोडते. एकच झिप फाइल चढवून ती सर्व्हरवर उघडावी किंवा होस्टिंगच्या पॅनेलमधून सर्व्हरवरच काम करावे. एसएसएचने, म्हणजे दुरून सर्व्हरला थेट आज्ञा देऊन, काम करणाऱ्याने ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ वापरावे, म्हणजे आपल्याकडचे नेट तुटले तरी सर्व्हरवर सुरू असलेले काम चालू राहते.

याच टप्प्यात वेबसाइटच्या किल्ल्या कोणाकडे आहेत ते तपासावे. डोमेन, होस्टिंग आणि विकत घेतलेल्या प्लगइनचे (वर्डप्रेसला जास्तीची सोय देणाऱ्या जोडणीचे) परवाने अनेकदा मुंबईतल्या एखाद्या भाच्याच्या किंवा काम सोडून गेलेल्या डेव्हलपरच्या ईमेलवर असतात. वर्डप्रेसच्या सेटिंगमधला प्रशासकाचा ईमेल पत्ताही पाहावा. २०१९ मध्ये आलेल्या ५.२ आवृत्तीपासून, गंभीर बिघाड झाल्यास आत शिरण्याचा खास दुवा वर्डप्रेस याच पत्त्यावर पाठवते. तो पत्ता भाच्याचा असेल, तर ऐन गरजेच्या वेळी दुवा त्याच्याकडे जाईल आणि आपण कोऱ्या पानाकडे पाहत बसू.

२. बदलांची यादी करणे

सगळ्यांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये तीन रकाने करावेत: बदल काय आहे, तो कुठे आहे आणि तो आजही लागतो का. तिसरा रकाना अनेकजण विसरतात. लॉकडाउनच्या काळात घरपोच पेट्यांसाठी लिहिलेली सूचना आज कोणी वाचत नसेल, तर तिच्यासाठी तासभर झगडण्यात अर्थ नाही.

बदल कुठे लपलेले असतात, याचा शोध या क्रमाने घ्यावा.

पहिले ठिकाण वर्डप्रेसचा गाभा, म्हणजे डब्ल्यूपी-अॅडमिन आणि डब्ल्यूपी-इन्क्लूड्स हे फोल्डर. यांत कोणीही बदल करू नये असा नियम आहे, पण घाईत तो मोडलेला आढळतो. डब्ल्यूपी-सीएलआय हे आज्ञावलीचे साधन उपलब्ध असेल, तर त्यातील चेकसमची आज्ञा मूळ फाइलींशी जुळणी करून बदललेल्या फाइलींची नावे देते. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातील प्लगइनसाठीही अशी आज्ञा आहे.

दुसरे ठिकाण थीम (वेबसाइटचे रूप ठरवणाऱ्या फाइलींचा संच) आणि प्लगइन. आपल्याकडे थीमची जी आवृत्ती आहे, नेमक्या त्याच आवृत्तीची कोरी प्रत मिळवावी आणि विनमर्ज किंवा मेल्डसारख्या साधनाने दोन्ही फोल्डर शेजारी ठेवून तुलना करावी. नव्या आवृत्तीशी तुलना करण्याची चूक सर्रास होते. तसे केल्यास थीमकर्त्याचे शेकडो बदल आणि आपले चार बदल एकमेकांत मिसळतात आणि यादी निरुपयोगी होते.

तिसरे ठिकाण डेटाबेस. ‘अतिरिक्त सीएसएस’, विजेटमध्ये चिकटवलेली कोडची तुकडी आणि स्निपेट प्लगइनमधील कोड फाइलींत सापडत नाही, कारण तो डेटाबेसमध्ये साठवलेला असतो.

चौथे ठिकाण भाषांतराच्या फाइली, आणि मराठी वेबसाइटवर हे हमखास निसटते. ‘कार्टमध्ये जोडा’ऐवजी ‘पेटी घ्या’ असे शब्द कोणीतरी प्लगइनच्या भाषांतर फाइलीत बसवलेले असतात. पुढचे भाषांतर अपडेट आले की ही फाइल बदलली जाते आणि मूळ शब्द परत येतात.

शिवाय एचटीअॅक्सेस फाइल, डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइल आणि ‘एमयू-प्लगइन्स’ नावाचा फोल्डर हेही उघडून पाहावेत. या शेवटच्या फोल्डरमधील प्लगइन आपोआप सुरू असतात आणि नेहमीच्या यादीत दिसत नाहीत.

*तपासणी:* वेबसाइटची मुख्य पाने, बुकिंगचा अर्ज, चेकआउट आणि ग्राहकाला जाणारा ईमेल यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. त्यांत दिसणाऱ्या प्रत्येक वेगळ्या गोष्टीसमोर यादीतील एखादी नोंद सापडली पाहिजे.

३. बॅकअप, आणि तो उघडतो याची खात्री

बॅकअप म्हणजे फाइली आणि डेटाबेस, दोन्ही, एकाच वेळचे. फक्त फाइली घेतल्या तर ऑर्डर, पाने आणि दर हातात येत नाहीत. फक्त डेटाबेस घेतला तर फोटो आणि बदललेला कोड जातो.

पीएचपीमायअॅडमिन या डेटाबेस हाताळण्याच्या साधनातून मोठा डेटाबेस उतरवताना वेळेची मर्यादा संपून फाइल अर्धवट राहू शकते, आणि तशी फाइल वरवर पाहता व्यवस्थित वाटते. फाइलीचे शेवटचे पान उघडून शेवटचे तक्ते पूर्ण आले आहेत का ते पाहावे. मायएसक्यूएल-डम्प या आज्ञेने काढलेल्या फाइलीच्या शेवटी ती पूर्ण झाल्याची ओळ असते. ती नसेल तर फाइल अपुरी आहे.

बॅकअपची एक प्रत सर्व्हरबाहेर आणि एक प्रत आपल्या गावाबाहेर असावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडे घरांची कौले उडाली आणि वीज कित्येक दिवस नव्हती. घरच्या कपाटातील हार्डडिस्कवर भिस्त ठेवणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. क्लाउडवरील प्रत शक्यतो सर्व्हरवरून थेट पाठवावी, कारण मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून दोन-तीन जीबी आधी उतरवून पुन्हा चढवणे पावसाळ्यात जमत नाही.

*इशारा:* परत उभा करून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप धरू नये. पुढच्या टप्प्यातील प्रत याच बॅकअपमधून उभी करावी, म्हणजे तपासणी आपोआप होते.

४. सरावाची प्रत उभी करणे

वेबसाइटची दुसरी प्रत, म्हणजे स्टेजिंग, एखाद्या सबडोमेनवर उभी करावी. अनेक होस्टिंग पॅनेलमध्ये यासाठी तयार बटण असते. प्रत उभी झाल्यावर तिला हात लावण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात.

पासवर्ड लावावा, कारण या प्रतीत ग्राहकांचे फोन नंबर आणि पत्ते आहेत. शोधयंत्रांना मज्जाव करावा. बाहेर जाणारे ईमेल बंद करावेत, नाहीतर गेल्या मे महिन्यातल्या पाहुण्याला जुलैमध्ये ‘तुमचे बुकिंग निश्चित झाले’ असा संदेश जाईल. पेमेंट गेटवे चाचणीच्या कळांवर टाकावा. खऱ्या कळा राहिल्या तर चाचणी करताना खरे पैसे कापले जातात.

पत्ता बदलताना डेटाबेसमध्ये थेट ‘शोधा आणि बदला’ चालवू नये. वर्डप्रेस अनेक सेटिंग मजकुराच्या लांबीसह साठवते, आणि ती लांबी अक्षरांत नव्हे तर बाइटमध्ये मोजलेली असते. देवनागरीतील प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो, त्यामुळे हाताने हिशेब जुळवायला जाणे व्यर्थ आहे. लांबी चुकली की पूर्ण सेटिंग वाचले जात नाही आणि विजेट किंवा थीमची रचना गायब होते. डब्ल्यूपी-सीएलआयची शोध-बदल आज्ञा किंवा हे काम जाणणारे प्लगइन वापरावे.

*तपासणी:* प्रतीवर मराठी मजकूर नीट दिसतो का? अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा विचित्र चिन्हांच्या माळा दिसल्या, तर डेटाबेसचा अक्षरसंच जुळलेला नाही. डेटाबेस उतरवताना आणि चढवताना यूटीएफ-८-एमबी-४ हाच संच सांगितला होता का ते पाहून प्रत पुन्हा उभी करावी. बिघडलेला मजकूर दिसत असताना एकही पान जतन करू नये.

५. बदल सुरक्षित जागी हलवणे

अजून काहीही अपग्रेड करायचे नाही. यादीतील प्रत्येक बदल आधी अशा जागी न्यायचा आहे, जिथे अपग्रेडचा हात पोहोचत नाही.

दिसण्यातले बदल चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मुख्य थीमवर आधारलेल्या आपल्या छोट्या वेगळ्या थीममध्ये, जातात. मुख्य थीमची बदललेली साचा-फाइल त्याच नावाने आणि त्याच मार्गावर चाइल्ड थीममध्ये ठेवली की वर्डप्रेस तीच वापरते. ‘फंक्शन्स’ या फाइलीचा नियम मात्र वेगळा आहे. चाइल्ड थीममधील ही फाइल आधी आणि मुख्य थीममधील नंतर, अशा दोन्ही वाचल्या जातात. म्हणून मुख्य थीमची ही फाइल जशीच्या तशी चाइल्ड थीममध्ये उचलून ठेवल्यास एकच फंक्शन दोनदा घोषित होऊन वेबसाइट थांबते. तिथे फक्त आपल्या ओळी न्याव्यात.

*इशारा:* चाइल्ड थीम सुरू करताच ‘अतिरिक्त सीएसएस’, लोगो आणि मेनूच्या जागा रिकाम्या दिसतात. हे सेटिंग प्रत्येक थीमच्या नावावर वेगळे साठवलेले असते, ते पुसले गेलेले नसते. आधी नोंदवून ठेवून ते नव्या थीमवर पुन्हा भरावे. अनेकजण इथे घाबरून माघार घेतात, तशी गरज नाही.

व्यवहाराचे बदल, म्हणजे पिनकोडची तपासणी किंवा पेटीनुसार वाहतूक खर्च, थीममध्ये ठेवू नयेत. त्यांच्यासाठी स्वतःचे छोटे प्लगइन करावे. उद्या वेबसाइटचे रूप बदलले तरी आंबा पाठवण्याचे नियम तेच राहणार आहेत.

दुसऱ्याच्या प्लगइनमध्ये थेट घुसवलेला कोड हा सर्वांत अवघड प्रकार. त्या प्लगइनने हुक (बाहेरचा कोड जोडण्यासाठी ठेवलेल्या जागा) दिले असतील, तर तोच परिणाम बाहेरून साधता येतो. हुक नसतील तर तो बदल खरोखर लागतो का, हे पुन्हा विचारावे. लागत असेल तर त्या प्लगइनला पर्याय शोधणे, हे माझ्या मते दरवर्षी तीच डागडुजी करण्यापेक्षा स्वस्त पडते. त्या प्लगइनचे अपडेट कायमचे बंद करून ठेवणे हा उपाय लोकप्रिय आहे, पण त्यामुळे सुरक्षेच्या दुरुस्त्याही बंद होतात.

वूकॉमर्स या दुकानाच्या प्लगइनचे साचे थीममधील ‘वूकॉमर्स’ फोल्डरमध्ये बदललेले असतील, तर वूकॉमर्सच्या स्थिती-अहवालात कोणते साचे जुने झाले ते लिहून येते. असा साचा नव्याने घेऊन त्यात आपल्या ओळी पुन्हा बसवाव्यात. मराठी शब्दांचे बदल लोको ट्रान्सलेट प्लगइनच्या स्वतःच्या ‘कस्टम’ जागेत ठेवावेत, म्हणजे भाषांतराचे अपडेट त्यांना धक्का लावत नाही.

६. सरावाच्या प्रतीवर पायऱ्यापायऱ्यांनी अपग्रेड

खूप जुन्या वेबसाइटला एका उडीत वर नेऊ नये. समजा, वर्डप्रेस ४.९ आणि पीएचपी ५.६ अशी स्थिती आहे. पीएचपी थेट ८ वर नेली तर जुने वर्डप्रेस चालणार नाही, आणि वर्डप्रेस थेट ताज्या आवृत्तीवर नेता येणार नाही, कारण ६.३ पासून पीएचपी ५ चा आधार काढला आहे आणि ६.६ पासून किमान ७.२.२४ लागते. मधली वाट अशी आहे:

१. पीएचपी ५.६ वरच वर्डप्रेस ६.२ शाखेच्या शेवटच्या आवृत्तीपर्यंत न्यावे.
२. थीम आणि प्लगइन एकेक करून शक्य तितके वर आणावेत.
३. पीएचपी ७.४ करावी आणि वेबसाइट पूर्ण तपासावी.
४. वर्डप्रेस ताज्या आवृत्तीवर न्यावे, मग उरलेली प्लगइन.
५. सर्वांत शेवटी पीएचपी ८ ची चालू शाखा घ्यावी. ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला आहे, त्यामुळे तिथे मुक्काम करू नये.

प्रत्येक पायरीनंतर एकच प्रश्न विचारावा: काही मोडले का? एका वेळी एकच गोष्ट बदलली असेल, तर दोषी कोण ते लगेच कळते. दहा प्लगइन एकदम अपडेट केल्यावर तेच शोधायला दिवस जातो.

५.० च्या आधीच्या आवृत्तीवरून येणाऱ्यांना पाने लिहिण्याचा संपादक बदललेला दिसेल. जुन्या संपादकाला चिकटवलेले रकाने दिसेनासे झाले, तर क्लासिक एडिटर प्लगइनने तूर्तास काम भागते. तारीख निवडण्याचे कॅलेंडर किंवा फोटोंचा सरकता पट्टा थांबला, तर जेक्वेरीवर (पानावरील हालचाली चालवणाऱ्या कोडच्या संग्रहावर) संशय घ्यावा. ५.५ आणि ५.६ या २०२० च्या आवृत्त्यांत तिचे जुने रूप काढले गेले, आणि होमस्टेची बुकिंग कॅलेंडरे बहुधा याच ठिकाणी अडतात.

चाचणीच्या काळात डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये डीबग (चुका नोंदवण्याची सोय) सुरू ठेवावे, पण संदेश पडद्यावर न दाखवता नोंदवहीत जातील असे करावे. नोंदवही वाचताना ‘डेप्रिकेटेड’ (पुढे बंद होणारा कोड) आणि ‘फेटल’ (पान थांबवणारी चूक) यांत फरक करावा. पहिल्या प्रकारच्या ओळी यादीत टाकून ठेवता येतात, दुसऱ्या प्रकारची एकही ओळ शिल्लक राहता कामा नये.

७. पीएचपी ८ आणि मराठी वेबसाइटचा खास अडथळा

पीएचपी ८ मध्ये ‘क्रिएट-फंक्शन’ आणि ‘ईच’ ही जुनी फंक्शन काढून टाकली आहेत, आणि रिकाम्या किमतीवर ‘काउंट’ चालवले तर पान थांबते. दहा वर्षांपूर्वीच्या कोडमध्ये हे तिन्ही सापडतात, आणि नोंदवही त्यांची नेमकी ओळ दाखवते, त्यामुळे दुरुस्ती सोपी असते.

दराच्या रकान्यातील देवनागरी अंकांचा अडथळा मात्र सहज लक्षात येत नाही. मालकाने पेटीचा दर ‘१२००’ असा देवनागरीत भरलेला असतो. पीएचपीच्या दृष्टीने तो आकडा नसून साधा मजकूर आहे. सातव्या आवृत्तीत अशा मजकुराचा गुणाकार केला तर सूचना नोंदवून उत्तर शून्य यायचे आणि कोणीतरी ते शून्य झाकणारा कोड लिहून ठेवलेला असायचा. आठव्या आवृत्तीत तोच गुणाकार पान थांबवतो. डेटाबेसमध्ये दर, वजन आणि खोल्यांची संख्या हे सारे इंग्रजी अंकांतच असावे आणि देवनागरी रूप फक्त दाखवताना द्यावे. आपल्या स्वतःच्या रकान्यांत आधीच भरलेले देवनागरी अंक या टप्प्यात एकदा रूपांतरित करून घ्यावेत.

मराठी पत्त्यांकडेही पाहावे. वर्डप्रेस पानाच्या पत्त्याला २०० वर्ण देते आणि देवनागरीतील प्रत्येक वर्ण सांकेतिक रूपात नऊ जागा खातो, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम बावीस वर्ण बसतात. लांब मराठी पत्ते आधीच कापलेले असतात. अपग्रेडच्या निमित्ताने ते ‘सुधारायला’ गेल्यास व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षे फिरत असलेले जुने दुवे तुटतात. ते आहेत तसेच राहू द्यावेत.

८. खऱ्या वेबसाइटवर नेणे

या टप्प्यावरची चूक सर्वांत महागात पडते. सरावाची प्रत तयार झाली म्हणून तिचा डेटाबेस उचलून खऱ्या वेबसाइटवर ठेवला जातो, आणि मधल्या आठवड्यात आलेल्या ऑर्डर व बुकिंग पुसली जातात. ज्या वेबसाइटवर ग्राहक काही भरतात, तिथे सरावाचा डेटाबेस कधीही वर नेऊ नये. तयार झालेली चाइल्ड थीम, स्वतःचे प्लगइन आणि भाषांतरे एवढ्याच फाइली न्याव्यात, आणि अपग्रेडच्या पायऱ्या त्याच क्रमाने खऱ्या वेबसाइटवर पुन्हा कराव्यात. केवळ माहिती देणारी वेबसाइट असेल, उदाहरणार्थ ग्रंथालयाची किंवा देवस्थानची, तर पूर्ण प्रत वर नेण्यास हरकत नाही. मात्र त्या काळात कोणी नवी नोंद घालत नाही याची खात्री करावी.

सुरू करण्यापूर्वी ताजा बॅकअप घ्यावा, ऑर्डर घेणे थांबवावे आणि माघारीची वेळ ठरवावी. उदाहरणार्थ, पहाटे पाचला सुरुवात केली आणि आठपर्यंत चाचणीची ऑर्डर पार पडली नाही, तर परत फिरायचे. परत फिरताना फाइली आणि डेटाबेस दोन्ही जुने ठेवावेत. नव्या आवृत्तीने डेटाबेसची रचना बदललेली असू शकते, त्यामुळे फक्त जुन्या फाइली परत ठेवणे भरवशाचे नाही.

वूकॉमर्स ऑर्डर साठवण्याची नवी पद्धत सुचवेल. ती त्याच दिवशी स्वीकारू नये. ऑर्डरची माहिती थेट जुन्या तक्त्यातून वाचणारा कोड तिच्यासोबत चालत नाही, म्हणून तिचा सराव वेगळा करावा.

*तपासणी:* सर्व कॅशे रिकामी करून, दुसऱ्याच्या मोबाइलवरून, वाय-फाय बंद ठेवून एक छोटी खरी ऑर्डर करावी. यूपीआयने पैसे आले का, ऑर्डरची स्थिती आपोआप बदलली का आणि ईमेल दोन्ही बाजूंना पोहोचला का, हे तिन्ही पाहावे. पैसे आले पण ऑर्डर ‘प्रलंबित’ राहिली, तर पेमेंट गेटवेकडून येणारी सूचना वेबसाइटपर्यंत पोहोचत नाही. मग ती रक्कम परत करून तपासणी पूर्ण करावी.

९. नंतरचे पंधरा दिवस

नोंदवही रोज एकदा वाचावी. न सापडणाऱ्या पानांची यादी पाहावी. ठरलेल्या वेळी आपोआप होणारी कामे, जसे बुकिंगच्या आदल्या दिवशीची आठवण, खरोखर होत आहेत का ते तपासावे, कारण ती न झाल्याचे कोणी कळवत नाही.

ज्यांच्याकडे वर्डप्रेसऐवजी ड्रुपल ७ किंवा जूमला ३ ही वेबसाइटची प्रणाली आहे, त्यांच्यासाठी तयारीचे टप्पे हेच आहेत. मात्र जूमला ३ चा आधार ऑगस्ट २०२३ मध्ये आणि ड्रुपल ७ चा ५ जानेवारी २०२५ रोजी संपला आहे. ड्रुपल ७ वरून पुढे जाणे हे स्थलांतर आहे, तिथे थीम आणि स्वतःचा कोड नव्याने लिहावा लागतो. त्यासाठी एका पावसाळ्याचा वेळ धरावा.

पंधरा दिवस सुरळीत गेल्यावर डीबग बंद करावे, त्याची नोंदवही पुसावी, सरावाची प्रत आणि तिचा डेटाबेस काढून टाकावा. वेबसाइटच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये विसरलेल्या बॅकअपच्या झिप फाइलीही त्याच दिवशी हलवाव्यात, कारण नाव ओळखता आले तर अशी फाइल कोणालाही उतरवून घेता येते आणि तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेला असतो.